‘एक हिटलर पाहिजे’

बीडहून सोलापूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर मांजरसुंबा लागते. तेथून एक फाटा पाटोदा-जामखेडकडे जातो, दुसरा केज-अंबाजोगाईकडे. चहूकडच्या गाड्या या चौफुल्यावर घटकाभर थांबतात. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, तेथे जाणारे भाविक येथेच उतरतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, पोरेबाळे आणि कोयते घेऊन याच रस्त्यांनी कारखान्यांच्या दिशेने जाताना दिसतात. काही वर्षांपूर्वी प्रायश्चित्तकाळात सोलापूरला एका नातलगाच्या दुखवट्याला जात असताना मी येथे चहाला उतरलो. टपरीशेजारी एका बाजेवर पुस्तके मांडली होती. पोलीस भरतीची मार्गदर्शके, आरत्यांचे संग्रह, यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारी चकचकीत पुस्तके, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर.

माझ्या बाकावर पन्नाशीचा एक शेतकरी बसला होता. पीकविम्याच्या कामासाठी तालुक्याच्या गावी त्याची ही तिसरी खेप होती आणि कागद पुन्हा अपुराच ठरला होता. त्याने त्या पुस्तकाकडे बोट दाखवले. “काय बी म्हणा सर, ह्या देशाला एक हिटलर पाहिजे. सहा म्हैने नुस्ता. सगळे सरळ होतेत का नाही बघा.” मग माझ्याकडे वळून, “खरं का नाही?”

मी “खरं आहे” म्हणालो.

गाडीचा भोंगा वाजला, मी पैसे देऊन उठलो. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेला मी माणूस. त्या पुस्तकाच्या लेखकाने काय केले हे मला सनावळीसकट पाठ होते. समोरचा माणूस गुंड नव्हता, त्याच्या हातात काठी नव्हती, मी दोन वाक्ये बोललो असतो तर त्याने ती ऐकून घेतली असती. तरीही मी मान डोलावली, कारण वाद घालण्याचा कंटाळा आला. त्या कंटाळ्याला नीतिशास्त्रात काय नाव आहे, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे. हा लेख त्याच विचाराचा आहे.

प्रथम त्या शेतकऱ्याची बाजू मांडली पाहिजे. त्याचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. पाऊस न पडणे हा कोणाचा गुन्हा नसेल, पण एका कागदासाठी माणसाला तीन वेळा हेलपाटे घालायला लावणे हा गुन्हाच आहे. ज्याला कोणी दाद देत नाही तो दंड उगारणाऱ्याची वाट पाहू लागतो. १९३२ च्या आरंभी जर्मनीत बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली होती. त्याआधी, १९२३ मध्ये, चलन इतके कोसळले होते की जन्मभराच्या बचतीत एक पाव मिळेनासा झाला होता. हिटलरच्या पक्षाला १९२८ च्या निवडणुकीत शंभरात तीन मतेही मिळाली नव्हती. १९३० मध्ये तो आकडा अठरावर गेला, जुलै १९३२ मध्ये सदतीसवर. हे सदतीस जण राक्षस नव्हते. त्यांच्यात दुकानदार होते, शिक्षक होते, कर्जात बुडालेले शेतकरी होते. कोणीतरी एकदाचे सगळे सरळ करावे, एवढीच त्यांतील पुष्कळांची इच्छा होती. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे की मुक्त निवडणुकीत हिटलरला निर्विवाद बहुमत कधीच मिळाले नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला तो वृद्ध राष्ट्राध्यक्षाच्या भोवतालच्या प्रतिष्ठित मंडळींच्या कारस्थानाने. या माणसाला आपण वापरून घेऊ आणि मग बाजूला सारू, असा त्यांचा हिशेब होता.

‘सहा महिने नुस्ता’ या शब्दांत हाच हिशेब दडलेला आहे. हिटलर मागणारा प्रत्येक जण मनाशी धरून चालतो की तो आपल्या सांगण्याने येईल आणि आपल्या सांगण्याने जाईल. आणि दुसरी एक गोष्ट तो धरून चालतो, तिचा उच्चारही करीत नाही, ती म्हणजे यादीत आपले नाव असणार नाही. यादी नेहमी दुसऱ्यांची असते.

हिटलरने कोणाला मारले हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते असे नाही. ‘ते ज्यू का कोण’ असे तो म्हणाला होता. त्याच्या आवाजात द्वेष मुळीच नव्हता. ज्यू म्हणजे फार दूरचे, कधी न पाहिलेले लोक, एवढाच भाव होता. म्हणून त्या दिवशी मी काय सांगायला हवे होते याचा विचार करताना मला ऑश्विट्झ आधी आठवत नाही, अलिबाग आठवते.

कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण, नवगाव या भागात शतकानुशतके यहुद्यांची वस्ती होती. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबतातून वाचले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढी तरली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले, परंतु मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. घरात मराठी, अंगावर नऊवारी, आडनावे केहीमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर. नवस फेडताना ते पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात आणि एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात त्यांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली आणि गायिली. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये सामुएल दिवेकर या गृहस्थांनी बांधले. कवी निसिम इझिकेल याच समाजातले, आणि जुन्या हिंदी चित्रपटांतले सर्वांचे आवडते डेव्हिड काकाही, ज्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आता या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये आहेत, पण तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

हे बेने इस्राएल लोक हिटलरच्या हाती लागले नाहीत, याचे कारण केवळ भूगोल. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ व्हानझे येथील एका बंगल्यात पंधरा उच्च अधिकारी जमले. त्यांच्यापुढे युरोपातील यहुद्यांची देशवार यादी ठेवलेली होती, एकूण एक कोटी दहा लाख. त्यात अजून न जिंकलेल्या इंग्लंडचे ३,३०,००० होते आणि युद्धात नसलेल्या आयर्लंडचे ४,०००. अल्बानियाचे अवघे २०० होते, तेही गाळलेले नव्हते. जेथे दोनशे माणसे मोजून ठेवली जातात, तेथे अलिबागच्या घाणेवाल्याचे काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. शेवटी साठ लाख माणसे मारली गेली. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुले होती.

पण त्या आगीची झळ आपल्या दारापर्यंत पोहोचलीच नाही असेही नाही. आकाशवाणीची सभा सुरू होताना वाजणारी ती धून आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? पहाटे चुलीवर पाणी तापत असे आणि रेडिओतून तंबोऱ्याच्या सुरांवर व्हायोलिनची ती ओळ येत असे. ती वॉल्टर कौफमन यांची रचना समजली जाते. ते बोहेमियातील कार्ल्सबादचे यहुदी. हिटलर सत्तेवर आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३४ मध्ये, ते मुंबईस आले आणि पुढे कित्येक वर्षे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. युरोपात ज्याच्या रक्ताला विष ठरवले गेले, त्याच्या सुरांनी आपला दिवस उजाडत होता, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

मांजरसुंब्याहून पाटोद्याचा फाटा धरला की जामखेडवरून रस्ता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला जातो. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच इंग्रज सरकारने देशभरातील जर्मन लोकांना पकडून तेथील छावणीत ठेवले. पारपत्र जर्मन, एवढाच निकष. त्यामुळे तारेच्या एकाच कुंपणात नाझी पक्षाचे अभिमानी सभासद होते आणि त्यांच्याच छळातून जीव घेऊन पळालेले यहुदी डॉक्टर नि व्यापारीही होते. चौकशीअंती बहुतेक यहुद्यांची सुटका झाली. इंग्रजांचा हेतू यहुदीद्वेषाचा नव्हता, हे मान्य. परंतु माणसाला त्याच्या कृत्यावरून न ओळखता त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून ओळखणे किती सोपे असते, याचा हा नमुना मराठवाड्याच्या उंबरठ्यावर घडलेला आहे.

येथे वाचक म्हणतील, आणि योग्यच म्हणतील, की भारताने यहुद्यांना कधी छळले नाही. येथील हिंदू राजांनी, मुसलमान सुलतानांनी आणि गावोगावच्या साध्या लोकांनी त्यांना सुखाने नांदू दिले. हा आपल्या देशाचा खरा अभिमान आहे. मात्र त्याला एक अपवाद आहे, आणि आपण कॅथलिकांनी तो सांगण्याची वाट दुसऱ्याने पाहू नये.

तो अपवाद गोव्याचा. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, स्थापन झाले. त्याचा पहिला रोख पोर्तुगालमधून आलेल्या ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांवर होता. सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या यहुद्यांचे हे वंशज, आणि ते घरात गुपचूप जुना धर्म पाळतात असा संशय. पुढे याच न्यायासनाने हिंदूंना आणि हिंदू धर्मातून आलेल्यांनाही छळले. गार्सिया द ऑर्ता हा त्या काळचा नामवंत वैद्य. भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबईचे बेट पोर्तुगीज राजाकडून त्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे वैद्य आणि मित्र म्हणून जाणे-येणे होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. हे करणारे लोक मिस्सा ऐकत होते, जपमाळ म्हणत होते, आणि सत्याचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण मराठवाड्यात आपण मूठभर आहोत, दबून आहोत, म्हणून हिटलरच्या यादीत नाव असलेल्यांच्या बाजूला आपण आपोआप उभे असतो, अशी जी समजूत आपल्या मनात असते ती गोव्याचा इतिहास टिकू देत नाही. दुबळेपणा हा पुण्याचा दाखला नाही. ज्या बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताचे झालो, तोच बाप्तिस्मा ऑस्ट्रियातील ब्राउनाउ गावी १८८९ मध्ये अॅडॉल्फ हिटलर नावाच्या बालकालाही मिळाला होता.

आता जर्मनीकडे पुन्हा वळतो. आपल्या ख्रिस्तसभेच्या मौनाविषयी बोलताना लोक नेहमी १९४२ सालाविषयी बोलतात. मला वाटते १९३३ सालाविषयी बोलले पाहिजे.

त्या देशातील एक तृतीयांश लोक कॅथलिक होते. १९३३ पूर्वी कित्येक बिशपांनी नाझी पक्षाचे सभासद होण्यास मनाई केली होती, आणि कॅथलिक भागांत त्या पक्षाला मतेही कमीच पडत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरने संसदेला डावलून कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक मांडले. त्याला दोन तृतीयांश मते हवी होती. साम्यवादी सभासद तुरुंगात किंवा परागंदा होते. समाजवादी पक्षाच्या हजर असलेल्या सर्व चौऱ्याण्णव सभासदांनी विरोधात मत दिले. बाजूने ४४४ मते पडली, आणि त्यांत कॅथलिकांच्या सेंटर पक्षाची सगळी मते होती. त्या पक्षाचे नेते लुडविग कास हे धर्मगुरू होते. आपल्या शाळा, आपल्या संस्था, ख्रिस्तसभेचे हक्क अबाधित राहतील, असे आश्वासन त्यांना मिळाले होते. तसे लेखी पत्र देण्याचेही कबूल झाले होते. ते पत्र कधीच आले नाही.

पाच दिवसांनी बिशपांनी नाझी पक्षाविरुद्धची मनाई मागे घेतली. त्यानंतर चार दिवसांनी, १ एप्रिलला, देशभर यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि दारोदार गणवेशातली माणसे उभी राहिली. बिशपांच्या परिषदेचे प्रमुख कार्डिनल बेर्ट्राम यांच्याकडे एक जण विनंती घेऊन गेला, की आपण काही बोलावे. त्यांनी विचारपूर्वक नकार दिला. हा आर्थिक प्रश्न आहे आणि तो ख्रिस्तसभेच्या जवळच्या गटाचा नाही, असे त्यांचे कारण होते. त्याच महिन्यात एडिथ स्टाइन नावाच्या विदुषीने पोप अकरावे पायस यांना पत्र लिहिले. यहुदी घरात जन्मलेली आणि १९२२ मध्ये बाप्तिस्मा घेतलेली ही स्त्री. जे घडत आहे त्याची जबाबदारी गप्प बसणाऱ्यांवरही येईल, तेव्हा ख्रिस्तसभेने बोलावे, अशी तिची विनवणी होती. ते पत्र २००३ मध्ये संशोधकांना पाहावयास मिळाले. त्या वर्षी २० जुलैला व्हॅटिकन आणि जर्मन सरकार यांच्यात करार झाला. शाळा वाचल्या, निदान कागदावर.

या लोकांना दुष्ट म्हणणे मला जमत नाही. मी स्वतः एका धर्मग्रामाच्या शाळेच्या समितीवर होतो. सरकारी मान्यतेचा एक कागद अडला की कोणाकोणाशी गोड बोलावे लागते आणि कोणता विषय काढायचा नसतो, हे मला माहीत आहे. शाळा वाचवणे हे चांगलेच काम आहे. चांगल्या कामासाठी गप्प बसताना माणसाला पाप केल्यासारखे वाटतच नाही, आणि भीती असते ती तेथेच. एका माणसाने मरावे म्हणजे सारे राष्ट्र वाचेल, असा हिशेब काइफाने मांडला तेव्हा तोही आपल्या संस्थेचेच हित पाहत होता.

१९४२ पर्यंत मात्र शब्दाची किंमत बदललेली होती. हॉलंड जर्मनीच्या ताब्यात होते. यहुद्यांना हद्दपार करण्याविरुद्धचा निषेध उपासनामंदिरांत वाचू नये असे अधिकाऱ्यांनी बजावले. उत्रेख्तचे महागुरू द योंग यांनी ते मानले नाही, आणि २६ जुलै रोजी तो निषेध देशभरातील कॅथलिक मंदिरांत वाचला गेला. सूड म्हणून २ ऑगस्टला कॅथलिक झालेल्या यहुद्यांना पकडण्यात आले. त्यांत कार्मेल मठातील सिस्टर तेरेसा बेनेदिक्ता, म्हणजेच एडिथ स्टाइन, आणि तिची बहीण रोझा होत्या. ९ ऑगस्टला ऑश्विट्झमध्ये दोघींचा अंत झाला. १९३३ साली जिने बोलण्याची भीक मागितली, ती १९४२ साली कोणीतरी बोलले म्हणून मारली गेली. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिले.

पोप बारावे पायस यांच्या मौनाचे समर्थन करणारे नेहमी हे हॉलंडचे उदाहरण देतात. ते हलके नाही. तरी त्याच्याजवळच हेही ठेवावे लागते की हॉलंडहून ऑश्विट्झला पहिली गाडी १५ जुलैला, म्हणजे त्या निषेधाच्या आधीच, सुटली होती, आणि त्या देशातील एक लाखाहून अधिक यहुदी पुढे मारले गेले. ते काही एका पत्रामुळे नव्हे. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये मतिमंद आणि मनोरुग्ण यांच्या हत्येविरुद्ध व्यासपीठावरून उघड प्रवचन केले. त्या महिन्यातच हिटलरला ती मोहीम निदान उघडपणे थांबवावी लागली, आणि बिशपांना हात लावण्याचे धाडस झाले नाही. तेव्हा बोलण्याने काहीच होत नाही, हेही खरे नाही. तथापि, याच धैर्यवान बिशपांनी यहुद्यांसाठी तसे प्रवचन केले नाही.

व्हॅटिकनचे त्या काळातील दप्तर २०२० मध्ये खुले झाले. त्यातून २०२३ मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. लोथार क्योनिग या जर्मन जेझुइट फादरांनी १४ डिसेंबर १९४२ रोजी पोपमहोदयांच्या सचिवांना लिहिलेले. पोलंडमधील एका भट्टीत रोज सहा हजारांपर्यंत माणसे, मुख्यतः पोल आणि यहुदी, मारली जात आहेत, अशी त्यात खबर होती. दहा दिवसांनी नाताळच्या संदेशात पोपमहोदयांनी, काही दोष नसताना केवळ वंशामुळे मृत्यूच्या दारी लोटल्या गेलेल्या लक्षावधी जिवांचा उल्लेख केला. यहुदी हा शब्द त्यात नव्हता. दुसरीकडे, पुढच्या वर्षी रोममध्ये धरपकड झाली तेव्हा शहरातील मठांनी आणि कॉन्व्हेंटांनी हजारो यहुद्यांना लपवले. इतिहासकार या दोन गोष्टी तराजूत घालून अजून भांडत आहेत. माझ्यासारख्याने त्या वृद्ध पोपमहोदयांचा न्याय करू नये असे मला वाटते. रोज सहा हजार माणसे मरत असताना कोणता शब्द तोंडून काढावा, हा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नाही. माझ्यापुढे आला तो चहाच्या टपरीवर, पाच रुपयांच्या चहाबरोबर, आणि तेथे मी नापास झालो. जे बोलणे फुकट होते तेव्हा कोणी बोलले नाही, म्हणूनच ते पुढे इतके महाग झाले.

बर्लिनच्या संत हेडविग महामंदिराचे प्रमुख बेर्नहार्ड लिश्टेनबेर्ग यांनी तेवढे केले. नोव्हेंबर १९३८ मध्ये सभास्थाने जाळली गेली त्या रात्रीनंतर ते रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करीत. गावातील लोक येत, ऐकत, घरी जात. तीन वर्षे हे चालले. मग दोन तरुण मुलींनी ऐकले आणि तक्रार केली. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली, आणि ५ नोव्हेंबर १९४३ रोजी डाखाऊच्या छळछावणीकडे नेत असताना वाटेत त्यांचे निधन झाले. त्यांनी कोणतेही सरकार उलथवले नाही. शेजाऱ्याचे नाव ते रोज, नाव घेऊन, देवापुढे उच्चारत राहिले, एवढेच. आपल्या ख्रिस्तसभेला शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा हीनतादर्शक शब्द काढायला १९५९ साल उजाडले, आणि ख्रिस्ताच्या मरणाचा दोष साऱ्या यहुदी जातीवर ठेवता येत नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगायला १९६५.

आणि हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याची सोय निदान बीडकरांना नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा सर्वाधिकारी झाला, आणि त्याच्या सशस्त्र टोळ्यांनी गावेच्या गावे दहशतीखाली ठेवली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले. त्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या उस्मानाबादेत, नांदेडात, बिदर-गुलबर्ग्यात सूड उगवला गेला तो ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशा मुसलमान शेतकऱ्यांवर आणि विणकऱ्यांवरही. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. रझाकारांच्या कथा मी मुलांना शिकवल्या. सुंदरलाल समितीचे नाव माझ्या वर्गात कधी निघाले नाही. ते पाठ्यपुस्तकात नव्हते, हे माझे कारण. कार्डिनल बेर्ट्रामही कारणाशिवाय गप्प बसले नव्हते.

त्या प्रवासाहून परतल्यावर पास्कापूर्वी मी पापनिवेदनाला गेलो आणि इतर गोष्टींबरोबर टपरीवरची गोष्टही सांगितली. फादर तरुण होते. त्यांना क्षणभर हसू आले असावे, कारण जाळीपलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, तो माणूस पीकविम्याचा कोणता कागद शोधत होता? मला ते माहीत नव्हते, मी विचारलेच नव्हते. ते म्हणाले, “मग आधी ते विचारायचे होते, मास्तर. हिटलरचे नंतर.” प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक जपमाळ सांगितली, त्या माणसासाठी.

मांजरसुंब्याला मी त्यानंतर दोनदा उतरलो. रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेला टपरी थोडी मागे सरकली आहे. तो शेतकरी दोन्ही वेळा दिसला नाही. पुस्तकांची बाज होती आणि मधले पुस्तकही होते. दुसऱ्या खेपेस बाजेपाशी अकरावी-बारावीतला एक मुलगा ते पुस्तक चाळत उभा होता. मी त्याला विचारले, शनिवार तेली म्हणजे कोण, माहीत आहे का? तो म्हणाला, “नाही आजोबा. आमच्याकडं शनिवारी मारुतीला तेल वाहतेत, ते का?” आम्ही दोघे बाकावर बसलो आणि मी दोन चहा सांगितले.